सातवणच्या खिंडीतला नकार

सातवणच्या खिंडीत पोहोचलात की उजव्या हाताला एक मोठी सातवीण दिसते आणि तिच्या बुंध्याशी एक बसका, काळा दगड. दगड चांगला ऐसपैस आहे. घाट चढून दमलेल्याला त्यावर टेकावंसं वाटणारच. पण त्यावर कुणी बसत नाही. शेळ्या बसतात, त्यांना कुणी उठवत नाही. माणूस बसायला गेला की मात्र समोरच्या माथ्याच्या वाडीतून हाक येते, "ओ पावण्यांनू, थय नको! थय माणूस बसललो आसा." पाहुणा दचकून मागे सरतो. दगड तर रिकामा असतो. फक्त एका कडेला केळीच्या पानावर नाचणीची भाकरी आणि करवंटीत ताक ठेवलेलं असतं.

कार्तिकात इथे जत्रा भरते. सातवीण तेव्हा फुललेली असते आणि तिच्या वासाने डोकं जड होतं. खालच्या देऊळवाडीतून रवळनाथाची पालखी वर येते, सातही वाड्यांची माणसं जमतात, आणि गावकार नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालतो. गावकार म्हणजे गाऱ्हाण्याचा मान ज्याच्या घराण्यात चालत आला तो. "बा देवा रवळनाथा, कोणाच्या गोठ्यात दुखणां नको, कोणाच्या घरात तंटो नको, वाट चुकलल्याक वाट दी, भुकेल्याक घास दी!" आणि प्रत्येक वाक्यावर सगळे मिळून म्हणतात, "व्हय महाराजा!" हे काही नवल नव्हे. तळकोकणात कुठल्याही देवळात जा, हेच ऐकू येईल.

नवल पुढे आहे. गाऱ्हाणं संपलं की गावकार देवाकडे पाठ न करता बाजूला होतो आणि त्या काळ्या दगडाकडे तोंड करून उभा राहतो. भोंगा बंद करतात. मग तो अगदी हळू आवाजात एक प्रश्न विचारतो. लांब उभ्या असलेल्या पाहुण्यांना तो ऐकूच येत नाही. त्यांना ऐकू येतं ते उत्तर. आधी माथ्याच्या वाडीतली सगळ्यात वयस्क बाई एकटी बोलते, आणि तिच्यामागोमाग सारी खिंड गरजते, "नाय महाराजा!"

सगळ्या मुलखात देवापुढे होकार, आणि सातवणात नकार. बाहेरचा माणूस विचारतोच, काय हो, तुम्ही एवढं नाही कशाला म्हणालात? त्यावर ही आख्यायिका सांगतात.

ही कधीची गोष्ट, ते विचारू नका. कुणी तीनशे वर्षं सांगतो, कुणी पाचशे. सांगणारा जितका म्हातारा तितकी गोष्ट जुनी. त्या काळी सातवण नावाचं राज्य नव्हतं. घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत सात वाड्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. देऊळवाडीचा माणूस खाडीवाडीच्या विहिरीवर पाणी पीत नसे. कुंभारवाडीची मुलगी वरच्या वाडीत दिली तर माहेर तुटलं म्हणून समजायचं. ह्या भांडणावर घाटापलीकडचा सुभा पोसला जात होता. दर हंगामात सुभ्याची माणसं खिंडीतून उतरत, भात नेत, आणि धडधाकट तरुण ओझी वाहायला वेठीला धरून नेत. नेलेल्यांपैकी परत येणारे थोडे. एका वाडीतून माणसं नेली जात तेव्हा दुसरी वाडी दारं लावून घ्यायची आणि मनात म्हणायची, बरं झालं, आपल्यावर आली नाही.

खिंडीच्या तोंडाशी असलेल्या माथ्याच्या वाडीत म्हशी राखणारी पाचपंचवीस घरं होती. त्यातल्या धाकूशी लग्न होऊन मथू नुकतीच आली होती. एका सकाळी ती गोठ्यात शेण काढायला गेली तर गवताच्या गंजीतून एक पाय बाहेर आलेला. टाचेला जखम, त्यावर माश्या. तिने गवत बाजूला केलं. आत एक कोवळा तरुण होता, देऊळवाडीचा रवळू. वेठीतून पळून आला होता आणि मागावर सुभ्याची माणसं होती.

मथूने आरडाओरडा केला नाही. तिने गवत पुन्हा नीट रचलं आणि शोध घेणारे आले तेव्हा त्यांच्यापुढेच तिथे म्हैस बांधली. म्हैस नवखी आणि मारकी होती, म्हणून कुणी पुढे गेलं नाही, असं सांगतात. ते निघून गेल्यावर तिने भाकरी आणि ताक आणून दिलं. रवळू भाकरीला हात लावेना. तापाने डोळे लाल झालेले, दात आवळून तो म्हणाला, "एक दिवस मी त्यांका ह्या खिंडीतसून खाली उतराक दिवचंय नाय. ह्या सातय वाडयेंचा एक राज्य करतलंय."

मथू म्हणाली, "पयली भाकरी खा, मगे राज्य कर."

रवळूने भाकरी खाल्ली, आणि पुढे राज्यही केलं. तोच रवळोजी, सातवणचा पहिला राजा.

त्याने ते कसं केलं, ह्याच्या कथा सातही वाड्यांत निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक वाडी आपल्यालाच पहिला मान देते. पण एक गोष्ट सगळ्यांना मान्य आहे. त्याने आधी तलवार नाही उचलली, तो आधी पाणी प्याला. खाडीवाडीच्या विहिरीवर जाऊन, देऊळवाडीचा मुलगा असून, तो तिथलं पाणी ओंजळीने प्याला. त्याच्या बापाने त्याला घराबाहेर काढलं. तो कुंभारवाडीत जाऊन राहिला. तिथून पुढच्या वाडीत, तिथून त्याच्या पुढच्या. ज्या घरातला मुलगा वेठीला गेला होता त्या घरची नांगरणी तो करून द्यायचा. करता करता सातही वाड्यांत त्याला भाऊ म्हणणारी घरं झाली. मग एका वर्षी त्याने सगळ्यांना देवळापुढच्या जुन्या सातविणीखाली बोलावलं आणि एक डहाळी मोडून वर धरली.

"बघा," तो म्हणाला, "पानां सात, पण देठ एकच."

आता, सातविणीच्या देठाला कधी सहा पानं असतात, कधी आठही असतात. पण त्याने धरली त्या डहाळीला सात होती, आणि माणसांना तेवढं पुरलं. त्या हंगामात सुभ्याची माणसं खिंडीतून उतरायला लागली तेव्हा सात वाड्या एकत्र वर चढून गेल्या होत्या. माथ्याच्या वाडीने गोफणी चालवल्या, खाडीवाडीने जाळी टाकून घोडी पाडली. सुभा पळाला. त्या दिवसापासून ह्या मुलखाला सातवण म्हणू लागले.

राजा झाल्यावरही रवळोजी बदलला नाही, असं जुनी माणसं अभिमानाने सांगतात, आणि ते बरंचसं खरं आहे. त्याने वेठ बंद केली. गड बांधला तेव्हा पहिला दगड स्वतःच्या खांद्यावरून नेला. जत्रेला सातही वाड्यांचे तांदूळ एका टोपात शिजवायची रीत त्याने पाडली, म्हणजे कुणाचा भात कुणी खाल्ला हा वादच उरला नाही. आणि दरसाल एकदा तो खिंडीत यायचा, मथूच्या पडवीत मांडी घालून बसायचा आणि नाचणीची भाकरी मागून घ्यायचा. मथूला त्याचं मोठं कौतुक. तिच्या पाठीला भाऊ नव्हता. तो आला की तिला माहेर आल्यासारखं वाटे.

पण एका गोष्टीत घोटाळा झाला, आणि तो आमच्याच लोकांकडून झाला.

पहिल्या विजयानंतरच्या जत्रेत गावकाराने आनंदाच्या भरात गाऱ्हाण्यात रवळोजीचं नाव घातलं. "रवळोजीन सांगल्यान, औंदा बंधारो बांधूया." लोकांच्या तोंडात 'व्हय महाराजा' तयारच होतं. ते निघून गेलं. रवळोजीने कानाला हात लावले, म्हणाला, अरे, हे देवाचं आहे, मला कशाला? दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा तो नुसता हसला. तिसऱ्या वर्षी हसलाही नाही. बंधारा चांगला झाला, गड चांगला झाला, त्याने सांगितलेलं चुकायचंच नाही, मग होकाराला अडचण ती काय! देवाचा होकार माणसाला कधी लागू झाला ते कुणाला कळलंच नाही. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसं झालं. पहिली मुंगी कोणती ते कोण सांगणार?

अशी बरीच वर्षं गेली. रवळोजीचे केस पिकले. सुभा अधूनमधून उसळायचा, खिंडीत लढाई व्हायची, सातवण जिंकायचं. पण प्रत्येक वेळी वाड्यावाड्यांतून तिरड्या निघायच्या. राजाचा थोरला मुलगाही अशाच एका लढाईत गेला. त्यानंतर रवळोजी आतून खचला. मथूच्या पडवीत आला तरी अर्धी भाकरी टाकून उठायचा.

अशात घाटापलीकडून निरोप आला. सुभ्यावर नवा सरदार बसला होता आणि त्याला तह हवा होता. सातवणला राज्य म्हणून मान, रवळोजीला छत्र आणि शिक्का, पुन्हा कधी स्वारी नाही. बदल्यात एवढंच, की खिंड आणि माथ्याची वाडी सुभ्याकडे जावी.

रवळोजीने ह्यावर पुष्कळ विचार केला. तो लबाड नव्हता, हे लक्षात ठेवा. त्याला छत्राचा मोह पडला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर ऐकून घेत नाही. त्याला सहा वाड्यांतली पोरं डोळ्यांपुढे दिसत होती. माथ्याच्या वाडीच्या लोकांना खाली जमीन देऊ, घरं बांधून देऊ, म्हशींना कुरण देऊ, असं त्याने मनाशी नक्की केलं होतं. फक्त वाडीला जाऊन विचारलं नव्हतं. जत्रेत सगळ्यांपुढे विचारू, असं त्याने ठरवलं.

जत्रा तेव्हा खाली देवळापुढे भरायची. माथ्याची वाडी नेहमीप्रमाणे म्हशींच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालून उतरली होती. मथू आता पन्नाशी ओलांडलेली, हातात नातवंड. गाऱ्हाणं सुरू झालं. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, रोगराई झाली. व्हय महाराजा, व्हय महाराजा. मग गावकार त्याच लयीत पुढे म्हणाला, "सातवणात पुन्ना लढाई नको, पोरां घरात रवाक व्हयी, म्हणान खिंड आणि माथ्याची वाडी सुभ्याक दिवची असा रवळोजीन ठरवल्यान..."

"व्हय महाराजा!"

सात वाड्यांनी एका आवाजात म्हटलं. माथ्याच्या वाडीनेही म्हटलं. धाकूने म्हटलं. मथूच्या स्वतःच्या जिभेवर 'व्ह' आला होता आणि ओठ गोल झाले होते. तेवढ्यात नातवंडाने तिच्या गळ्यातली पोत ओढली, ती थांबली, आणि जे ऐकलं ते तिच्या मनात उतरलं. तिची चूल, तिचा गोठा, जिथे तिने सासू-सासऱ्यांना पोचवलं आणि पोरांना जन्म दिला ती वाडी, आत्ता ह्या क्षणी देऊन टाकली गेली होती. आणि देणाऱ्यांमध्ये तिचा नवरा होता.

ती धाकूला म्हणाली, "काय म्हटलंस ता कळला तुका?"

"काय म्हटलंय?" धाकू म्हणाला. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

मथूने नातवंड त्याच्या हातात दिलं आणि ती उभी राहिली.

"नाय महाराजा."

असे सांगतात की त्या वेळी ढोल वाजवणाऱ्याची काठी वरच्या वरच राहिली. हा शब्द त्या देवळापुढे कधी कुणी ऐकलाच नव्हता. गडावरचा एक मानकरी तलवारीला हात घालून पुढे झाला. रवळोजीने त्याला हातानेच अडवलं.

"कोण बोलला ता?"

"मी. मथू. माथ्याची."

रवळोजीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मथू, मी तुमका उघड्यार टाकूचंय नाय. मळ्यात जमीन दितंय, घरां बांधून दितंय. लढाई मिटतली गो. माझो झील गेलो. आणखी कोणाचो जावक नको."

"तुझो झील माझ्याच गोठ्यात निजान लढाक गेललो," मथू म्हणाली. "तेका मी जेवक घातललंय. माका सांगा नको. पण तू इचारलंस म्हणान मी जबाब दिलंय. जबाब नको होतो तर इचारलंस कित्याक?"

"सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी."

"सगळे व्हयच म्हणतत! माझ्या घोवान पण म्हटल्यान. तेका इचार, कसल्याक व्हय म्हटल्यान ता."

सगळ्यांच्या माना धाकूकडे वळल्या. तो बिचारा नातवंडाला छातीशी धरून उभा. "मी... सगळ्यांबरोबर म्हटलंय," तो पुटपुटला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

जत्रेला रवळोजी पागोट्यात सातविणीची डहाळी खोवायचा. मथू पुढे गेली, तिने ती काढून घेतली आणि त्याच्या पुढ्यात एक पान तोडलं. सातविणीला चीक असतो, दुधासारखा पांढरा. तोडल्या जागेतून तो भराभर आला आणि राजाच्या तळहातावर टपकला. "ह्या पान माझ्या वाडयेचा," ती म्हणाली. "आता बघ, दुखता कोणाक." आणि एवढं बोलून तिचा धीर संपला. ती डोळ्याला पदर लावून खाली बसली.

रवळोजीने हाताकडे पाहिलं. मग तो चौथऱ्यावर चढला, आणि गाऱ्हाण्याच्याच सुरात मोठ्याने म्हणाला, "उद्या सकाळी मी खाडयेवरसून चलत पलीकडे जातलंय, आणि माझे पाय भिजूचे नाय!"

"व्हय महाराजा!" लोक म्हणाले.

"आणि तुमच्या सगळ्यांच्या म्हशी मी आज दर्यात सोडतलंय!"

"व्ह..." आवाज निघाला आणि घशातच अडकला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणाला हसू येईना, कुणाला रडू येईना. रवळोजी मात्र रडत होता. इतक्या वर्षांत त्याने जे जे विचारलं आणि ज्याला ज्याला होकार मिळाला, ते सगळं त्या क्षणी त्याला हलकं वाटू लागलं असणार. आपण राज्य केलं की एकटेच बोलत होतो?

राजे चुकतात, त्यात विशेष काही नाही. चूक पदरात घेऊन सगळ्यांसमोर खाली उतरणारा विरळा. म्हणून तर रवळोजीचं नाव घेताना आमच्याकडे अजून हात जोडतात. तो चौथऱ्यावरून उतरला, मथूपुढे गेला आणि ती सहा पानांची डहाळी तिच्याकडून मागून घेतली.

"तह मोडलो," तो म्हणाला. "आजपासून माझा घर माथ्याच्या वाडयेत. ज्याका ही वाडी व्हयी, तेणां पयलो माझ्या उंबऱ्यार पाय ठेवचो." मग तो लोकांकडे वळला. "देवाक व्हय म्हणा. माका म्हणताना आदी इचार करा. दरसाल जत्रेक मी एक तरी असो प्रश्न घालतलंय, जेका तुमी नाय म्हणूक व्हया. जिभेक सवय रवाक व्हयी. आणि ह्या सभेची नाय राजान मोडूची नाय. रवळनाथाची आण!"

गड त्याने कोठारासाठी ठेवला आणि बायकामुलांसह तो खिंडीत राहायला आला. लोकांना वाटलं, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण त्यात त्याचं शहाणपण होतं. माथ्याच्या वाडीवर संकट आलं तर खालच्या वाड्या धावतीलच अशी खात्री कुणी द्यावी? राजावर संकट आलं तर मात्र धावावंच लागणार. ती सहा पानांची डहाळी त्याने खिंडीत, एका काळ्या दगडाशेजारी रोवली, आणि ती जगली. तीच ही सातवीण. म्हणे, हिच्या देठाला सहा पानं कधीच सापडत नाहीत. मोजायच्या भानगडीत मात्र पडू नये.

जत्रेची पालखीही मग वर येऊ लागली. रवळोजी त्या काळ्या दगडावर बसायचा आणि प्रश्न घालायचा. "सूर्य खाडयेतसून उगवता काय रे?" "नाय महाराजा!" "खाडीवाडयेची माणसां कधी खोटा बोलतत काय?" ह्यावर खाडीवाडी जोरात नाय म्हणायची आणि बाकीच्या सहा वाड्या हसून लोळायच्या. थट्टेथट्टेत जिभा सुटल्या. एकदा त्याने खिंडीत नवा बुरूज बांधायचा बेत मांडला, तर ऐन पेरणीत बांधायचा म्हणून लोकांनी खरोखरच नाय म्हटलं. म्हातारा चिडला, रुसला, मथूकडची भाकरीही परत पाठवली. पण बुरूज बांधला नाही. नाय म्हणजे नाय.

आणि मग तहाला नकार मिळालेला सरदार मोठी फौज घेऊन आला.

माथ्याच्या वाडीने ढोल बडवले. खालून सहाही वाड्या चढल्या. कुंभार आले, कोळी आले, देऊळवाडीचे आले. राजा वर होता ना! रवळोजी म्हातारपणी उंबऱ्यावर उभा राहून लढला आणि बोलला होता त्याप्रमाणे त्याच्या उंबऱ्यावरून कुणाला पुढे जाता आलं नाही. संध्याकाळच्या आत शत्रू मागे हटला, पण पठारावर तंबू ठोकून बसला. आणि रवळोजीच्या बरगडीत भाला लागला होता.

त्याला उचलून काळ्या दगडावर बसवलं, पाठ सातविणीच्या कोवळ्या बुंध्याला टेकवून. वैद्याने जखम पाहिली आणि मान खाली घातली. सात वाड्यांची माणसं भोवती उभी. मथूने ताकाची करवंटी त्याच्या ओठांना लावली. एक घोट घेऊन त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि दमलेल्या पाहुण्याने घरधनिणीला विचारावं तसं विचारलं,

"मथू, आता मी जाव काय गो?"

मथूला सगळं दिसत होतं. त्याचे दुखणारे श्वास दिसत होते, आणि त्याला सोडावं असंही वाटत होतं. पण गवतातून निघालेला तो पाय तिला आठवला आणि तिच्याने होकार देववेना.

"नाय महाराजा," ती म्हणाली.

आणि सात वाड्यांनी, ज्यांच्या घशातून एकेकाळी हा शब्द निघत नव्हता, त्यांनी रडत रडत ओरडून म्हटलं, "नाय महाराजा!"

रवळोजी हसला. "माझ्याच रितीन माकाच बांधलात," तो म्हणाला.

असे सांगतात की ज्याला संध्याकाळ दिसायची नव्हती तो माणूस त्या नकारावर बसून राहिला. पठारावरून शत्रू रोज पाही, तर म्हातारा दगडावर ताठ. शेवटी सरदाराचा धीर सुटला आणि त्याने तंबू उपटले. सुभा त्या खिंडीकडे पुन्हा फिरकला नाही. रवळोजी पुढे कधी गेला, हे कुणी पाहिलं नाही. गडाच्या बाजूला त्याला अग्नी दिला असं सांगणारे आहेत. कुणी म्हणतात, एका सकाळी दगड नुसताच रिकामा होता, आणि हात लावला तर ऊबदार होता. माथ्याच्या वाडीत ह्यातलं काहीच सांगत नाहीत. तिथे म्हणतात, सभेने जायला नाही म्हटलं होतं आणि सभेची नाय तो मोडणारा नव्हता.

त्याच्या धाकट्या मुलाने समाधी बांधायला घडीव चिरे आणले, तेव्हा लोक म्हणाले, नाय महाराजा, समाधी गेलेल्या माणसाची बांधतात. ते चिरे खालच्या विहिरीला लावले. मथू मात्र दगड रिकामा दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशीच भाकरी आणि ताक घेऊन दगडाशी आली. सुनेने विचारलं, हे कुणाला? मथू म्हणाली, "जावक दिलंव नाय, मगे जेवक घालूक नको?"

आजही सातवणात रवळोजीची पुण्यतिथी नसते. आजही कार्तिकातल्या जत्रेत गाऱ्हाणं संपलं की गावकार त्या दगडाकडे वळतो आणि त्याच्या वतीने हळूच विचारतो, "आता मी जाव काय?" दरसाल तो विचारतो, आणि दरसाल माथ्याच्या वाडीतली म्हातारी त्याला अडवते. तिच्यामागून सातही वाड्या अडवतात. कित्येकांचे डोळे तेव्हा भरून येतात, आणि त्यांना विचारलं तर सातविणीच्या वासाने झालं म्हणून सांगतात.

आणि आजही रोज सकाळी वाडीतल्या पाळीच्या घरून दगडाच्या कडेला भाकरी आणि ताक येतं. तिथे बसू मात्र नका. पण घाट चढून भूक लागली असेल, किंवा कुणी मागे लागलंय म्हणून पळत आला असाल, तर ती भाकरी खुशाल खा. वाडीतलं कुणी काही म्हणणार नाही. ती पहिल्यापासून तशाच माणसासाठी आहे.